नव्या फोटोला जुना रंग



गेल्या काही महिन्यांत तरुण मंडळींकडून एकच प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येत आहे. मोबाईलवर काढलेल्या ताज्या फोटोला जुन्या जमान्यातील फोटोसारखा रंग कसा द्यावा? कुणाला आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला भेट द्यायची आहे. कुणाला जयंतीच्या फलकासाठी हवा आहे. कुणाची निव्वळ हौस आहे. आमचा पेशा कारकुनीचा आणि शिक्षण बी. कॉम. पर्यंतचे, फोटोग्राफर म्हणवून घेण्याचा आमचा दावा नाही. परंतु मंडळाची पत्रके, विहारातील कार्यक्रमांचे फलक आणि अहवाल यांची जबाबदारी वर्षानुवर्षे आमच्याकडे असल्याने या सॉफ्टवेअरशी आमची बऱ्यापैकी ओळख झाली आहे. तेव्हा या वेळच्या सदरात हाच विषय घेऊ. आधी जुना फोटो जुना का दिसतो ते पाहू, मग नव्याला तसा कसा करावा ते सांगू, आणि शेवटी थोडे कटू बोलू.

जुना फोटो जुना का दिसतो?

फिल्मच्या काळात फोटो म्हणजे कागदावर बसवलेली चांदी होती. कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असे. प्रकाश पडला, डेव्हलपरमध्ये कागद बुडवला, की त्या क्षारांतून चांदीचे बारीक काळे कण तयार होत आणि त्यांतूनच चित्र उमटे. मग कागद ‘हायपो’त टाकायचा आणि वाहत्या पाण्यात भरपूर धुवायचा. ही धुलाई अपुरी झाली, तर हायपोतील गंधक कागदात राहून जाई आणि पुढे कित्येक वर्षे चांदीला हळूहळू पिवळट-तपकिरी करीत असे. आपल्या घरातील अनेक जुने फोटो पिवळे पडले, त्याचे एक कारण हे. घाईत धुतलेल्या स्वस्त प्रिंटचे हेच होणार.

मात्र प्रत्येक तपकिरी फोटो खराब झालेला असतो असे समजू नका. चांगले स्टुडिओवाले मुद्दाम रसायन वापरून चांदीचे रूपांतर सिल्व्हर सल्फाइडमध्ये करीत. त्यामुळे फोटोला उबदार तपकिरी रंग येई आणि तो टिकेही अधिक. यालाच ‘सेपिया’ म्हणतात. माकूळ या समुद्री जिवाच्या तपकिरी शाईवरून हे नाव पडले.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. १९३० च्या सुमारास वापरात असलेल्या बहुतेक साध्या फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. निळा रंग त्यांना चटकन दिसे, म्हणून जुन्या फोटोत आकाश पांढरेफटक दिसते. लाल मात्र काळा होऊन येई. लाल फेटा काळा, कपाळावरचे कुंकू काळे. सावळ्या त्वचेतून परत येणाऱ्या प्रकाशात लाल-तांबूस भाग जास्त असतो. तोच फिल्मला दिसत नसल्याने माणूस होता त्याहून अधिक काळा दिसे. उन्हात राबणारी आपली माणसे जुन्या फोटोत काळीठिक्कर दिसतात, यात उन्हाइतकाच फिल्मचाही वाटा आहे!

तिसरी गोष्ट भिंगाची. साध्या कॅमेऱ्याच्या भिंगातून कडेला प्रकाश कमी पोचे, म्हणून चारी कोपरे अंधारलेले असत. मधला भाग स्पष्ट आणि कडा मवाळ. पुढे मध्यमवर्गात आणि काही कामगार कुटुंबांतही ‘ॲग्फा क्लिक थ्री’ हा बडोद्यात बनणारा पेटीसारखा कॅमेरा आला. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो निघत. त्यांच्या छोट्या प्रिंटला पांढरी चौकट असे, कधी दातेरी कडाही असत. पुढे रंगीत फोटो आले. त्यांत चांदी नसून रंगद्रव्ये असतात आणि ती सारखी टिकत नाहीत. अल्बममध्ये मिटून ठेवलेल्या फोटोतील निळसर द्रव्य अनेकदा आधी उडते आणि उरलेला फोटो लालसर होतो. तुमच्या घरातील १९८० च्या आसपासच्या लग्नाचा अल्बम काढून पाहा, म्हणजे पटेल.

यावरून एक नियम निघतो. ‘जुना रंग’ नावाचा एकच रंग नसतो, ज्या त्या दशकाचा रंग वेगळा. कॉलेजातल्या मुलाच्या जीन्समधल्या फोटोला सेपिया फासला, तर तो जुना दिसत नाही, चहा सांडल्यासारखा दिसतो.

आता प्रत्यक्ष कृती

मोबाईलवर आज बहुतेक फोटो ॲपमध्ये तयार फिल्टर असतात. एक बोट टेकवले की फोटो जुना. घाईच्या कामाला ते ठीक. पण ज्यांच्या घरी किंवा अभ्यासिकेत कॉम्प्युटर आहे, त्यांना आम्ही ‘गिंप’ हे सॉफ्टवेअर सुचवू. ते १९९६ सालापासून लोकांसाठी खुले आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि चोरून उतरवावेही लागत नाही. आमच्या वस्तीतील मुलांनी ते जरूर शिकावे, पुढे फलक-पत्रिका छपाईच्या धंद्यात उपयोगी पडेल.

पहिले काम मूळ फोटोची दुसरी प्रत करण्याचे. ‘इमेज’ मेन्यूतील ‘डुप्लिकेट’ दाबा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा कचेरीचा नियम इथेही पाळा. जेपीजी फाइल उघडून बदलून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी तिची प्रत थोडी घसरते, हेही लक्षात असू द्या.

दुसरे काम रंग काढण्याचे. नुसता ‘डिसॅच्युरेट’ केला तर फोटो कृष्णधवल होईल, पण जुन्या फिल्मसारखा होणार नाही. त्यासाठी ‘कलर्स’मध्ये ‘कंपोनंट्स’ आणि त्यात ‘मोनो मिक्सर’ आहे. तिथे लाल शून्य करा, हिरवा आणि निळा अर्धा-अर्धा ठेवा. पाहता पाहता आकाश पांढरे होईल, लाल साडी गडद होईल, चेहरा सावळा होईल. १९३० च्या फिल्मला जग साधारण असे दिसत होते. चेहरा फारच काळवंडला, तर लाल थोडा वाढवून तेवढाच हिरवा-निळा कमी करा.

तिसरे, काळा-पांढरा थोडा मऊ करा. जुन्या प्रिंटमध्ये काळा काजळासारखा राहत नाही आणि पांढराही दुधासारखा राहत नाही. ‘लेव्हल्स’मध्ये खालच्या ‘आउटपुट’ पट्टीवर ० च्या जागी २० आणि २५५ च्या जागी २३५ ठेवून पाहा.

चौथे, आजच्या मोबाईलचा फोटो सुईसारखा टोकदार असतो. ‘ब्लर’मधून किंचित धूसरपणा द्या आणि ‘नॉइज’मधून थोडा दाणा. दाणा म्हणजे चांदीच्या कणांची नक्कल. भाकरीतल्या मिठाएवढाच घाला.

पाचवे, आता ‘डिसॅच्युरेट’मधील ‘सेपिया’ द्या, पण त्याचा जोर अर्ध्यावर आणा. शेवटी ‘लाइट अँड शॅडो’मधील ‘व्हिनेट’ने कोपरे हलके काळे करा. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांच्यासाठी ‘फिल्टर्स’मधील ‘डेकोर’मध्ये ‘ओल्ड फोटो’ नावाची तयार सोय आहे. ती सेपिया, डाग, धूसरपणा आणि कडा एकदम देते.

प्रिंट काढायची असेल तर एका इंचाला ३०० ठिपके हा हिशेब धरा. म्हणजे चार बाय सहा इंचांसाठी १२०० बाय १८०० आणि आठ बाय बारासाठी २४०० बाय ३६०० ठिपके लागतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली चित्रे बहुधा आकसून आलेली असतात. मोठ्या प्रिंटसाठी मूळ फाइलच मागवा, नाहीतर दुकानदाराचा दोष नसताना त्याच्याशी भांडण व्हायचे.

ओरखडे, घडीच्या रेघा, वाळवीची भोके असले खोटे डाग मात्र घालू नयेत असे आमचे मत आहे. ज्यांच्या घरचे खरे फोटो पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने गेले, त्यांना त्या डागांची मौज वाटत नाही.

कोटातले आजोबा

इथवर झाली हौस. आता कटू भाग.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात आजोबांचा एकही फोटो नव्हता. होता तो एका जुन्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा, त्यावर अर्धा शिक्का. नातवाने तो एका दुकानात दिला. आठ दिवसांनी चौकट घरी आली, तेव्हा आजोबा गोरे झाले होते, अंगावर कोट होता, गळ्यात टाय होता, मागे वाड्याचे खांब होते आणि सगळ्यावर छान तपकिरी रंग होता. घरच्यांना आनंद झाला. आजी मात्र बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हे कोण?”

दुकानदाराने आपल्या परीने चांगलेच केले होते. लोक असेच मागतात. आणि असे मागण्यामागे दुखणे आहे, ते आम्ही जाणतो. ज्यांच्या वाडवडिलांना कॅमेऱ्यासमोर बसायला कुणी बोलावले नाही, त्यांच्या नातवाला आपला आजोबा एकदा तरी रुबाबात बसलेला पाहावासा वाटणारच. पण तो माणूस विडी कारखान्यात वळकट्या मोजत होता, किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पाळ्या करीत होता, किंवा देवळाली कॅम्पात हमाली करीत होता. त्याच्या अंगावरच्या सदऱ्याला ठिगळ असेल, तर त्या ठिगळातूनच तुमच्या शाळेची फी निघाली आहे. ते पुसून टाकले तर उरले काय? आणि रंग उजळण्याचा तर प्रश्नच येऊ नये. फिल्मने आपल्या माणसांना होते त्याहून काळे केले, ही फिल्मची मर्यादा. आज सॉफ्टवेअरने त्यांना होते त्याहून गोरे करायचे, ही आपली कमजोरी म्हणावी लागेल.

त्या कुटुंबाने पुढे काय केले ते सांगतो. ओळखपत्रावरचा चेहरा स्कॅनरवर मोठ्या बारकाव्याने घेतला. शिक्क्याखालचा भाग तसाच ठेवला. मोठा करून साधा कृष्णधवल प्रिंट काढला. थोडा धूसर आहे, पण आजीने त्याच्याकडे बघून “डावा डोळा असाच बारीक करायचे” असे म्हटले. कोटवाला फोटोही फेकला नाही. आतल्या खोलीत लावला आहे, आणि त्याच्या खाली नातवाने लिहिले आहे: कॉम्प्युटरवर तयार केलेले चित्र.

अस्सल आणि नक्कल

महसूल कचेरीत जुन्या कागदाची नक्कल मिळते, तेव्हा तिच्यावर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असे लिहून, सही-शिक्का करून देतात. नक्कल कामाची असते, न्यायालयातही चालते, पण ती स्वतःला नक्कल म्हणवते म्हणून. तीच जर अस्सल म्हणून पुढे आली, तर तिला बनावट दस्तऐवज म्हणतात. फोटोचेही असेच आहे.

बाबासाहेबांच्या ज्या तसबिरी आपल्या घरोघरी आहेत, त्यांत निळा कोट असतो. मूळ फोटो बहुतेक कृष्णधवल आहेत आणि कोटाचा निळा रंग चित्रकारांनी व छापखान्यांनी भरलेला आहे. यात कुणाची फसवणूक झालेली नाही. ती तसबीर आदरासाठी आहे आणि निळा हा आपल्या झेंड्याचा रंग आहे. पण उद्या कुणी त्याच तसबिरीवरून ‘बाबासाहेब अमुक दिवशी निळा कोट घालून अमुक ठिकाणी होते’ असे लिहू लागला, तर ते चालणार नाही. आदराचे चित्र वेगळे आणि पुरावा वेगळा.

हे नाशिककरांनी तर विशेष जपले पाहिजे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपल्या शहरात सुरू झाला. बाबासाहेबांचे नेतृत्व आणि दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते यांच्या बळावर तो पुढे १९३५ पर्यंत चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हजारो स्त्री-पुरुष त्यात होते. कॅमेरा तेव्हा श्रीमंतांची आणि स्टुडिओवाल्यांची वस्तू होती. त्या हजारोंपैकी किती जणांचा फोटो कुणी काढला असेल? ज्या इतिहासाची चित्रे मुळातच थोडी आहेत, तिथे एक जरी बनावट चित्र घुसले तरी ते खऱ्या चित्रांवर संशय आणते. उद्या कुणी म्हणेल, हा खोटा निघाला तसे तेही खोटेच असतील. जयंतीच्या दिवसांत ‘दुर्मिळ फोटो’ म्हणून जी तपकिरी चित्रे मोबाईलवर फिरतात, ती पुढे ढकलण्याआधी म्हणूनच क्षणभर थांबावे. आता तर यंत्राला चार ओळी लिहून दिल्या की न घडलेल्या सभेचा फोटोही ते तयार करते.

पारखायचे कसे? मागे दिसणाऱ्या पाट्या वाचा, विजेच्या तारा, चपला, खुर्च्या, घड्याळे पाहा. ज्या सालचा फोटो म्हणतात, त्या साली ती वस्तू होती का? यंत्राने केलेल्या चित्रात पाटीवरची अक्षरे अनेकदा अक्षरेच नसतात आणि गर्दीतले हात-बोटे बिघडलेली असतात, जरी यंत्रे याबाबतीत दिवसेंदिवस सुधारत आहेत. मूळ फाइल असेल तर तिच्या माहितीत तारीख, कॅमेरा आणि कधी कधी सॉफ्टवेअरचेही नाव असते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रात ती माहिती सहसा उरत नाही. कागदी फोटो असेल तर उलटा करा. स्टुडिओचा शिक्का, शाईचे अक्षर, कागदाची जात हे सगळे मागे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, तो कोणाच्या घरून आला ते विचारा. व्हाउचर नसलेली नोंद आम्ही खातेवहीत घेत नाही.

हा घोटाळा केवळ गरिबांच्या घरात होतो असे नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला होता. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत दाखवला गेला आणि लवकरच त्यांनी आपले काम नाशिकला हलवले. हाच चित्रपट त्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढला. आज १९१३ चा म्हणून जो उरलेला भाग दाखवला जातो, तो खरे तर १९१७ चा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. एवढ्या मोठ्या माणसाच्या एवढ्या गाजलेल्या कामाबद्दल ही शंका राहते, तर आपल्या पत्र्याच्या पेटीतल्या फोटोंचे काय होईल?

पाठीमागे लिहा

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. नव्या फोटोला जुना रंग जरूर द्या. आजी-आजोबांना नटवा, हसा, चौकट करून लावा. फक्त पाठीमागे दोन ओळी लिहा: फोटो कोणाचा, कुठे व कधी काढला, जुनी छटा कुणी व कोणत्या साली दिली. फाइलच्या नावातही ‘नक्कल’ हा शब्द घाला आणि मूळ फाइल वेगळी जपा.

आणि हे करताना घरातील खरे जुने फोटोही बाहेर काढा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पापुद्रा निघून येईल. काचेसकट सावलीत ठेवून, प्रकाश चमकणार नाही असा धरून फोटो घ्या. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. कागदी फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, मऊ पेन्सिलीने हलके लिहा. दोन्ही बाजूंची प्रत घ्या. आणि घरातील सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून एकेका चेहऱ्याचे नाव विचारून घ्या. हे शेवटचे काम कोणतेही सॉफ्टवेअर करणार नाही, आणि त्याला फार वेळ उरलेला नाही.

आपल्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, राजांचे लांबलचक शिलालेख आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिथेच आठव्या लेण्यात मुगुदास नावाच्या एका माणसाची छोटी नोंद आहे. तो ‘दासक’ होता. अभ्यासकांनी त्याचा अर्थ मासेमार असा लावला आहे. हे लेणे त्याचे, सपरिवार दिलेले दान, एवढेच त्यात लिहिले आहे. दुसरीकडे वुधिक नावाच्या एका ‘लेखका’ची, म्हणजे आमच्यासारख्याच एका कारकुनाची, नोंद आहे. त्यांचे चेहरे कसे होते, गोरे की काळे, अंगावर काय होते, हे कुणालाच कळणार नाही. तरी शेकडो वर्षे झाली, नाव राहिले, गाव राहिले, दिलेले दान राहिले. कारण त्यांनी ते लिहून ठेवले.

येत्या रविवारी पेटी उघडा, पेन्सिल घ्या आणि पहिल्या फोटोच्या मागे पहिले नाव लिहा.

जयभीम!